पोलादी गोळ्यातील माणूस

तुमच्यापैकी कित्येकांनी समुद्र पाहिला असेल. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभे राहून लाटा मोजायचा प्रयत्नही केला असेल. मराठीत समुद्राला दर्या असेही म्हणतात. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे, पण तुमच्या उर्दूत दरिया म्हणजे नदी. शब्द एकच, फारसीतून दोन घरी आलेला. एका घरी तो नदी झाला, दुसऱ्या घरी समुद्र. आज आपल्याला जायचे आहे ते मराठीतल्या दर्यात, आणि तेही काठाकाठाने नव्हे. अगदी खोल, जिथे सूर्याचा एक किरणही पोहोचत नाही तिथे.

तिथे आपल्याला घेऊन जाणाऱ्या माणसाचे नाव विल्यम बीबी. हसू नका! तुमच्या घरात बीबी म्हणजे स्त्री, हे मला ठाऊक आहे. पण हे बीबी म्हणजे उंच, सडपातळ बांध्याचे एक अमेरिकन शास्त्रज्ञ. त्यांचे आडनाव तसेच उच्चारले जाते, त्याला आपण काय करणार?

विल्यम बीबी यांचा जन्म २९ जुलै १८७७ रोजी न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिन येथे झाला. लहानपणापासून त्यांना पक्षी, किडे, शंख-शिंपले गोळा करण्याचा नाद होता. पुढे ते कोलंबिया विद्यापीठात शिकू लागले, परंतु पदवी न घेताच त्यांनी विद्यापीठ सोडले. १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या नव्या प्राणिसंग्रहालयात त्यांना पक्षी विभागात काम मिळाले. पदवी नाही ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती त्यांना पुन्हा पुन्हा ऐकवली गेली.

पक्ष्यांसाठी बीबी फार फिरले. १९०९ च्या अखेरीस ते आशियाच्या मोठ्या प्रवासाला निघाले. श्रीलंका, भारत, ब्रह्मदेश, बोर्निओ, चीन अशा देशांतील जंगले त्यांनी पायाखाली घातली. त्यांना फेझंट जातीच्या पक्ष्यांचा अभ्यास करायचा होता. आपला मोर, आपला रानकोंबडा आणि हिमालयातला रंगीबेरंगी मोनाल हे सारे त्याच कुळातले. त्या प्रवासातून त्यांनी चार मोठे खंड असलेला ग्रंथ लिहिला. एखाद्याने तेवढ्यावर आयुष्यभर समाधान मानले असते. बीबींचे लक्ष मात्र हळूहळू आकाशावरून पाण्याकडे वळले.

१९२५ मध्ये ते पॅसिफिक महासागरातील गालापागोस बेटांकडे गेले. तिथे त्यांनी पाण्याखाली उतरायला सुरुवात केली. साधन अगदी साधे होते. तांब्याचे एक जड टोप डोक्यावर चढवायचे. त्याला समोर काचेची खिडकी. वर होडीत बसलेला माणूस हाताने पंप मारतो आणि रबरी नळीतून टोपात हवा येते. अंगात फक्त पोहण्याचे कपडे. अशा थाटात बीबी समुद्राच्या तळावर चालू लागले. आजूबाजूला शार्क मासे फिरत. कोकणातले कोळी शार्कला मुशी म्हणतात. सुरुवातीला बीबींच्या छातीत धडकी भरे. पण शार्क त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. थोड्याच दिवसांत बीबीही त्यांच्याकडे पाहिनासे झाले आणि लहान लहान माशांच्या निरीक्षणात रमले.

परंतु त्या टोपाला मर्यादा होती. साठेक फुटांच्या खाली त्याने जाणे धोक्याचे होते, कारण पाण्याचा दाब. आपण पाण्यात जसजसे खाली जातो, तसतसे वरच्या पाण्याचे ओझे आपल्यावर वाढत जाते. दर दहा मीटरला हवेच्या एका थराइतका, म्हणजे पृथ्वीवरच्या साऱ्या वातावरणाइतका, दाब आणखी वाढतो. विहिरीत बुडी मारताना कान दुखतात ना? तेच हे.

मग खोल पाण्यातील प्राणी पाहायचे कसे? त्या काळी शास्त्रज्ञ जहाजामागे लांब जाळी सोडत. बीबींनीही अटलांटिक महासागरातील बर्म्युडा बेटांजवळ हे काम सुरू केले होते. जाळी वर येत तेव्हा त्यांत काळे, मोठ्या दातांचे, अंगावर दिव्यांचे ठिपके असलेले विचित्र मासे सापडत. पण ते बहुतेक मेलेले, चुरगळलेले असत. त्यांचे रंग उडालेले, दिवे विझलेले. शिवाय बीबींना एक शंका सतावत होती. जाळ्यात सापडतात ते लहान आणि मंद प्राणी. जे मोठे आहेत, चपळ आहेत, ते जाळ्याला हुलकावणी देऊन निघून जात असतील. मग समुद्राच्या पोटात काय काय आहे हे आपल्याला कधी कळणार? जाळ्यावर विसंबणे म्हणजे बंद दाराच्या फटीतून काडी घालून घरातले सामान ओळखण्यासारखे होते. स्वतः आत जायला हवे होते.

बीबींना असे यंत्र हवे आहे ही बातमी वर्तमानपत्रांत आली आणि त्यांच्याकडे नाना प्रकारचे नकाशे येऊ लागले. बहुतेक निरुपयोगी होते. त्यांत ओटिस बार्टन नावाच्या एका तरुण इंजिनिअरची कल्पना मात्र बीबींना पटली. ती अगदी सोपी होती: पोलादाचा एक पोकळ गोळा. गोल वस्तूवर दाब सगळीकडून सारखा पडतो, त्यामुळे ती सहजासहजी चेपत नाही. बार्टन श्रीमंत घरचे होते. त्यांनी स्वतःच्या खर्चाने गोळा ओतवून घेतला. पहिला गोळा इतका जड झाला की तो उचलणेच कठीण. तो वितळवून दुसरा, हलका गोळा बनवावा लागला. हलका म्हणजे तरीही दोन टनांहून जास्त! त्याचे नाव ठेवले बॅथिस्फिअर. ग्रीक भाषेत बॅथी म्हणजे खोल.

या गोळ्याचा व्यास होता चार फूट नऊ इंच. तुमच्या वर्गातल्या बाकाखाली दोन मोठ्या माणसांना तासन् तास बसायला सांगा, म्हणजे आत कसे वाटत असेल ते कळेल. आत शिरण्याचे भोक दोन फुटांहूनही अरुंद. त्यावर सुमारे १८० किलो वजनाचे झाकण बसवायचे आणि मोठमोठ्या बोल्टांनी ते घट्ट आवळायचे. खिडक्यांना काच चालणार नव्हती. तीन इंच जाडीचे क्वार्ट्झ बसवले होते. श्वासासाठी ऑक्सिजनची नळकांडी होती. उच्छ्वासातील वाईट वायू आणि दमटपणा शोषून घेण्यासाठी उघड्या ताटल्यांत रसायने ठेवलेली. आणि ती हवा खेळती ठेवण्यासाठी काय होते ठाऊक आहे? ताडाच्या पानांचे पंखे! आपल्या दादी-नानी उन्हाळ्यात जे हलवतात, तसेच.

गोळ्याला स्वतःचे इंजिन नव्हते. एका पोलादी दोरावर तो लोंबकळत असे. दोर तुटला तर गोळा तळाशी जाणार आणि कोणीही त्याला वर आणू शकणार नाही, हे दोघांनाही पक्के ठाऊक होते. जहाजाशी बोलण्यासाठी टेलिफोनची तार होती. वर जहाजावर ग्लोरिया हॉलिस्टर नावाच्या शास्त्रज्ञ बाई कानाला टेलिफोन लावून बसत आणि बीबी जे जे सांगतील ते लगेच वहीत टिपून घेत.

६ जून १९३० रोजी बीबी आणि बार्टन पहिल्यांदा खाली उतरले. तेव्हा बीबींचे वय ५२ वर्षांचे होते. तीनशे फुटांवर बार्टन यांना दाराखालून पाणी झिरपताना दिसले. तुम्ही असता तर काय केले असते? वर खेचा, असे ओरडला असता. बीबींनी उलट अधिक वेगाने खाली सोडायला सांगितले. हा वेडेपणा नव्हता. खाली दाब जास्त, म्हणून दार अधिकच घट्ट दाबले जाईल, हा त्यांचा हिशेब होता, आणि तो बरोबर निघाला. ८०० फुटांवर मात्र त्यांच्या मनाने एकाएकी पुढे जायला नकार दिला. कारण त्यांनाही सांगता आले नाही. ते तिथूनच परत फिरले. पाच दिवसांनी ते १,४२६ फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ४३५ मीटर खोल जाऊन आले.

खिडकीतून त्यांनी प्रकाश बदलताना पाहिला. प्रथम लाल रंग नाहीसा झाला. मग नारिंगी आणि पिवळा गेला, हिरवा गेला. उरला तो एक निळा रंग, आणि तोही असा की जमिनीवर तसा निळा कोणी पाहिलेला नाही. आपल्याकडे तसा शब्द नाही, याचे बीबींना फार वाईट वाटे. सुमारे दोन हजार फुटांच्या खाली तोही संपला. आता काळोख, आणि काळोखात जिवंत प्राण्यांचे चमकणारे दिवे.

१९३२ मध्ये एक भयंकर गोष्ट घडली. सुदैवाने तेव्हा गोळ्यात कोणी नव्हते. तपासणीसाठी तो रिकामाच सुमारे तीन हजार फूट खाली सोडला होता. वर आला तेव्हा तो जवळजवळ पूर्ण पाण्याने भरलेला! खिडकीजवळच्या फटीतून पाणी आत घुसले होते आणि खालच्या दाबासकट तिथेच कोंडले गेले होते. बीबींनी सगळ्यांना बाजूला केले आणि झाकणावरचा मधला बोल्ट हळूहळू सैल करायला घेतला. एकदम तोफेच्या गोळ्यासारखा तो बोल्ट सुटला, जहाजाच्या फळीवरून पलीकडे उडाला आणि समोरच्या यंत्राच्या पोलादात त्याने खाच पाडली. त्याच्यामागून पाण्याचा फवारा सुटला. आत माणसे असती तर काय झाले असते, हे बीबींनी नीट ओळखले. खिडकी दुरुस्त झाली. पुन्हा तपासणी झाली. आणि २२ सप्टेंबर १९३२ रोजी ते व बार्टन पुन्हा त्याच गोळ्यात शिरले.

त्या दिवशी समुद्र खवळलेला होता. जहाज डोलत होते, त्यामुळे दोराला टांगलेला गोळाही वर-खाली हिसके खात होता. आत बिचाऱ्या बार्टन यांना उलट्या झाल्या. बीबींचे डोके भिंतीवर आपटत होते. आणि हे सगळे चालू असताना त्यांचा आवाज रेडिओवरून अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये ऐकवला जात होता! घराघरांत लोक रेडिओभोवती बसून समुद्राच्या पोटातून येणारा माणसाचा आवाज ऐकत होते.

२,१०० फुटांवर विजेच्या दिव्याच्या झोतात अचानक दोन मोठे मासे आले. खिडकीपासून जेमतेम आठ फुटांवरून ते सावकाश निघून गेले. प्रत्येकाची लांबी कमीत कमी सहा फूट, म्हणजे उंच माणसाएवढी. इतक्या खोल पाण्यातून जाळ्यात येणारे मासे बहुधा बोटाएवढे, फार तर हाताएवढे असत. या माशांच्या अंगावर फिकट निळ्या दिव्यांची एक रांग होती, जणू रात्री जाणाऱ्या आगगाडीच्या खिडक्या. जबडा दातांनी भरलेला. पोटाखाली दोन लांब दोऱ्यांसारखे अवयव लोंबत होते आणि त्यांच्या टोकांना लाल व निळे दिवे होते. बीबींनी या माशाला नाव दिले बॅथिस्फिरा इंटॅक्टा. इंटॅक्टा म्हणजे ज्याला कोणाचा हात लागलेला नाही असा.

त्या दिवशी ते २,२०० फुटांवरून परतले. अर्धा मैल गाठायचा होता, तो राहून गेला.

दोन वर्षांनी, ११ ऑगस्ट १९३४ रोजी, ते पुन्हा खाली गेले. आणि त्या दिवशी त्यांना जे दिसले, ते एक मोठे आश्चर्य होते. खोली होती २,४५० फूट, म्हणजे सुमारे ७५० मीटर. बीबी खिडकीला नाक लावून लहान लहान दिवे न्याहाळत होते. इतक्यात प्रकाशाच्या झोताच्या अगदी कडेने एक प्रचंड आकृती सरकत गेली. लांबी कमीत कमी वीस फूट. शाळेच्या वर्गाची भिंत डोळ्यांसमोर आणा, जवळजवळ तेवढी. तिचा आकार लांबट गोल होता. रंग सगळीकडे एकसारखा. डोळा दिसला नाही, पर दिसला नाही, दिवा तर एकही नव्हता. कसलीही धडपड न करता ती पोहत आली, पोहत गेली आणि परत आली नाही.

ते काय होते?

इथे बीबींचा स्वभाव कळतो. सहा फुटांच्या माशाला त्यांनी नाव दिले, कारण त्याचे दिवे, दात, अवयव त्यांनी डोळ्यांनी टिपले होते. या वीस फुटांच्या प्राण्याला मात्र त्यांनी नाव दिले नाही. ते काय होते हे मला सांगता येत नाही, असे त्यांनी सरळ लिहून टाकले. बहुधा तो एखादा लहान देवमासा असावा, असा त्यांचा अंदाज होता. कारण देवमासे श्वास रोखून अतिशय खोल बुडी मारतात. किंवा कदाचित व्हेल शार्क असेल. व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा. तो आपल्या अरबी समुद्रातही आढळतो आणि माणसाला काहीच करत नाही. लोकांना राक्षसाची गोष्ट हवी होती. बीबींना ती रंगवून सांगणे सहज शक्य होते, कारण त्यांना लिहिण्याची कला अवगत होती आणि त्यांना खोटे पाडणारे तिथे कोणीही नव्हते.

चार दिवसांनी, १५ ऑगस्ट १९३४ रोजी, बीबी आणि बार्टन ३,०२८ फुटांवर, म्हणजे ९२३ मीटर खोलीवर पोहोचले. बारा कुतुबमिनार एकावर एक उभे केले तरी ते त्या पाण्यात बुडून जातील. तिथे दर चौरस इंचावर १,३०० पौंडांहून अधिक दाब होता. वर यंत्रावर दोराचे थोडेच वेढे शिल्लक राहिले, तेव्हा कप्तानाने थांबायला सांगितले. इतक्या खोलीवर जिवंत जाऊन जिवंत परत आलेला माणूस तोवर जगात दुसरा नव्हता. त्याच वर्षी ग्लोरिया हॉलिस्टर याही गोळ्यात बसून १,२०८ फुटांपर्यंत जाऊन आल्या. मुलींनो, तुम्हाला हे मुद्दाम सांगतो आहे.

पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असे नाही. काही मत्स्यशास्त्रज्ञ म्हणू लागले की, नुसते पाहून नव्या माशाला नाव कसे देता येईल? मासा हातात हवा, बाटलीत हवा, म्हणजे दुसऱ्यालाही तो तपासता येईल. हा आक्षेप खोटा नव्हता. शास्त्राचा तो नियमच आहे. काहींनी तर अशीही शंका काढली की, बीबींच्या श्वासाने खिडकीवर वाफ धरली असेल आणि तिच्यामुळे एखाद्या साध्या चमकणाऱ्या प्राण्याचे दिवे मोठे दिसले असतील. त्यातच त्यांची राहिलेली पदवीही उकरून काढली गेली. बीबींना याचे दुःख झाले. पण त्यांनी आपले शब्द मागे घेतले नाहीत आणि त्यांत नवे शब्दही घातले नाहीत. टेलिफोनवरून जे सांगितले गेले, ते ग्लोरिया हॉलिस्टर यांच्या वहीत मिनिटांच्या हिशेबाने लिहिलेले होते. एल्स बॉस्टलमन नावाच्या चित्रकार बाईंनी बीबींच्या वर्णनावरून त्या माशांची रंगीत चित्रे काढली. पुरावा म्हणून एवढेच होते: एका माणसाचा शब्द, एक वही आणि काही चित्रे.

माझे मत विचाराल, तर दोन्ही बाजूंचे थोडे थोडे खरे आहे. नाव देण्याची बीबींनी जरा घाईच केली. पण त्यांची मूळ शंका, की मोठे प्राणी जाळ्याला सापडत नाहीत, ती पुढे अनेकदा खरी ठरली. १९७६ मध्ये हवाई बेटांजवळ एका जहाजाच्या नांगराच्या दोरात साडेचार मीटर लांबीचा एक शार्क अडकून वर आला. भले मोठे तोंड असलेली ही जात तोपर्यंत शास्त्राला ठाऊकच नव्हती. खोल समुद्रातला महाकाय स्क्विड, म्हणजे माकूळ, हा तर मेलेल्या अवस्थेत शेकडो वर्षे माणसाला ठाऊक होता. पण त्याच्या स्वतःच्या घरी, खोल पाण्यात, तो पोहतानाचे चलच्चित्र प्रथम मिळाले ते २०१२ मध्ये, जपानजवळच्या समुद्रात. त्यासाठी शास्त्रज्ञांनी अगदी मंद तांबडा दिवा वापरला, कारण प्रखर दिवा पाहून तो दूर पळत असावा. बीबींच्या गोळ्यातला दिवा प्रखर होता. त्या दिव्याच्या पलीकडे अंधारात किती जण थबकून मागे वळले असतील, कोण जाणे!

१९३४ नंतर बीबी त्या गोळ्यातून खोल पाण्यात फारसे उतरले नाहीत. बार्टन यांनी मात्र नवा गोळा बनवला आणि १९४९ मध्ये ते ४,५०० फुटांवर जाऊन आले. १९६० मध्ये दोन माणसे पॅसिफिक महासागराच्या सर्वांत खोल दरीच्या तळाला, जवळजवळ अकरा किलोमीटर खाली पोहोचली. तोवर बीबी म्हातारे झाले होते. वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर, डोंगरातल्या एका जंगलात त्यांनी संशोधन केंद्र काढले होते. त्या जागेचे नाव काय असावे? सिमला! तिथे ते पुन्हा पक्ष्यांकडे, किड्यांकडे, लहानपणीच्या छंदाकडे वळले. त्याच सिमल्यात ४ जून १९६२ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

खिडकीतून पाहून बीबींनी एकूण चार खोल पाण्यातील माशांना नावे दिली होती. आज कॅमेरे लावलेली यंत्रे माणसाशिवायच कितीतरी खोल जातात. तरी त्या चार माशांपैकी एकही अजून कोणाला पुन्हा दिसलेला नाही. आणि तो वीस फुटांचा प्राणी कोण होता, हे बीबींच्या वहीत रिकामे सोडले होते, तसेच ते रिकामे आहे.